धून जिथे उडी मारते

नागपुरातल्या सदरच्या बाजारात नीला माठ वाजवून बघत होती. एप्रिल अर्धा उलटला होता, घरातला जुना माठ पाझरायचा बंद झाला होता आणि माय रोज म्हणत होती की माठातलं पाणी पिऊन राहिली का चुलीवरचं, तेच समजत नाही. बोटाने टिचकी मारायची, आवाज खणखणीत आला तर घ्यायचा, भदभदला तर ठेवून द्यायचा. ही विद्या मायची. नीलाने एका माठाला टिचकी मारली, कान जवळ नेला, आणि नेमक्या त्याच वेळी तिच्या पाठीमागून कोणीतरी गुणगुणत गेलं. पुरुषाचा आवाज, तोंड मिटून काढलेला. आधी बासरीचा तुकडा आला, मग जिथे बाईचा आवाज शब्दांवाचून ती धून उचलून घेतो ती जागा आली, धून एक पायरी चढली, दुसरी चढली, आणि तिसरीवर पाय न ठेवताच धपकन खाली आली. नीलाने माठ सोडला. ती वळली तेव्हा बाजार बाजारासारखा होता. उन्हासाठी टप ओढलेली एक सायकलरिक्षा गर्दीतून छावणीच्या बाजूला चालली होती, आणि टपाखालून फक्त दोन पाय दिसत होते, चपला घातलेले, धुळीने पांढरे झालेले. "घ्याचा असन तं घ्या वं बाई, नाई तं बाजूले सरका," माठवाली म्हणाली. नीला सरकली आणि धावायला लागली. नागपुरात एप्रिलच्या दुपारी धावणारी बाई एक तर चोराच्या मागे असते नाहीतर वेडी असते, आणि पुढे चोर दिसत नसल्यामुळे लोकांनी काय ते समजून घेतलं. चौकापर्यंत ती गेली. तिथे सहा रिक्षा होत्या, सगळ्यांचे टप वर होते. ती उन्हात उभी राहिली आणि तिच्या तोंडून आपोआप निघालं, "दादा."

ही धून कुठल्या गाण्याची नव्हती, म्हणूनच तिला एवढी खात्री होती. गाणं कोणीही गुणगुणतं. रेडिओवर लागतं, लग्नात बँडवाले वाजवतात, पानठेल्यावर लागतं. पण सिनेमात गाण्यांच्या मधे, माणसं बोलत नसताना, नुसतं मागून जे वाजत राहतं ते कोणाच्या ध्यानातही राहत नाही. नोकरी लागल्यावर पहिल्या वर्षी नीला बर्डीवरच्या एका रेकॉर्डच्या दुकानात गेली होती आणि सिनेमाचं नाव सांगून तिने ती धून मागितली होती. दुकानदार हसला. "बाई, गाणी आहेत, पाहिजे तेवढी देतो. मागचं म्युझिक रेकॉर्डवर येत नसते," तो म्हणाला. म्हणजे ती धून फक्त सिनेमाच्या रिळात होती. आणि त्यातही ती उडी सगळ्या रिळांत नव्हतीच. ती एकाच टॉकीजमधल्या, एकाच रिळात होती, कारण ते रीळ तिथे एकदा तुटलं होतं, आणि ऑपरेटरने खराब झालेला तुकडा कापून टाकून दोन टोकं चिकटवली होती. तेव्हापासून त्या टॉकीजमध्ये प्रत्येक खेळाला धून त्या जागी यायची आणि उडी मारायची. आत बसलेल्या पब्लिकने ते एकेकदा ऐकलं आणि घरी जाऊन विसरलं. रोज ऐकलं ते फक्त भिंतीमागच्या लोकांनी.

भिंतीला कान असतात म्हणतात. नीलाच्या बापाच्या, नत्थू गजभियेच्या, घराच्या भिंतीला तोंड होतं. सदरमागच्या त्या टॉकीजची पडद्याकडची भिंत आणि चाळीतल्या शेवटच्या खोल्यांची भिंत एकच होती, आणि पडद्यामागचे भोंगे नेमके मायच्या, अंजनाबाईच्या, चुलीच्या पाठीला आले होते. दुपारी, संध्याकाळी आणि रात्री, तिन्ही खेळ घरात व्हायचे. तो सिनेमा लागला आणि उतरायचं नावच घेईना. दसरा गेला, दिवाळी गेली, थंडी पडली तरी तोच. दुसऱ्या गाण्याला भात टाकला की मारामारीला शिजायचा. इंटरव्हलला सगळी चाळ गप्प व्हायची आणि ती शांतता कानाला टोचायची. रातपाळी करून आलेला नत्थू दुपारी झोपायचा तो खलनायकाच्या हसण्यावर उठून शिव्या घालायचा. तिकीट काढून तो सिनेमा घरातल्या कोणी कधी पाहिला नाही. "फुकटात ऐकू येते ना, मंग अंदर जाऊन काय तोंडं पाहाची हायेत?" हा नत्थूचा सवाल होता. त्यामुळे ती धून वाजते तेव्हा पडद्यावर नेमकं काय होतं यावर चाळीत दोन पक्ष पडले होते. कोणी म्हणे नायिका मरते, कोणी म्हणे मुलगा घर सोडून जातो. रवी म्हणायचा, काही का होईना, बासरीच्या खाली कोणीतरी तंतुवाद्य हळूच ओढून राहिला, ते ऐका.

रवी म्हणजे नीलाचा मोठा भाऊ रवींद्र. तेव्हा तो एकोणिसाचा होता, नीला आठ-नऊ वर्षांची. त्याच्याबद्दल नीलाजवळ फार काही शिल्लक नव्हतं. चेहरा एका फोटोपुरता उरला होता, बौद्ध दीक्षेच्या वर्षी काढलेला, पांढऱ्या कपड्यांतला सगळ्या घराचा फोटो, त्यात रवी ऊन लागून डोळे बारीक करून उभा. आवाज गेलाच होता. पण एक गोष्ट तिच्याजवळ लख्ख होती आणि तिच्यावर ती इतकी वर्षं जगत आली होती. संध्याकाळचा खेळ चालू आहे, माय चुलीपाशी आहे, दादा पितळेचा गिलास भिंतीला लावून कान देऊन उभा आहे, आणि धून त्या जागेशी आली की गिलास टाकून तो तिला दोन्ही बखोटींना धरून उचलतो आणि बरोब्बर उडीच्या क्षणी उंबऱ्यापलीकडे ठेवतो. "उडी!" असं ओरडतो. पुन्हा आत घेतो. हातांच्या पकडीचा काखेतला दाब, उंबऱ्याचा गारवा, पोटात येणारी गुदगुली, सगळं तिला अजून जाणवायचं. कामावर, बसमध्ये, केव्हाही. लग्नाच्या गोष्टी निघाल्या की ती टाळाटाळ करायची त्याचंही कारण कुठेतरी हेच होतं. दादा आला आणि आपण या पत्त्यावर नसलो तर, असं तिच्या मनात यायचं. हे तिने कोणाला सांगितलं नव्हतं. सांगण्यासारखं नव्हतंच ते.

रवीला बँडपार्टीत क्लॅरोनेट वाजवायचं होतं. नत्थूने मिलमध्ये साहेबाच्या हातापाया पडून त्याच्यासाठी जागा बोलून ठेवली होती. एक दिवस बाप जेवायला बसला असताना पोरगा गिलास घेऊन भिंतीशी उभा राहिला तेव्हा नत्थू म्हणाला, "भिंतीले कान लावून पोट भरते काय गा?" एवढंच. हात उचलला नाही, शिवी दिली नाही. त्याहून वाईट बोलणी चाळीत रोज होत होती आणि लोक ती चहाबरोबर गिळत होते. पण कोणता शब्द कोणाला कुठे लागेल याचा काय नेम. रवीने गिलास नीट जागेवर ठेवला, चपला घातल्या आणि गेला. नत्थूने पुढे दोन वर्षं कामठी, भंडारा, वर्धा, जिथे जिथे बँडपार्ट्या होत्या तिथे जाऊन क्लॅरोनेटवाल्यांची तोंडं पाहिली. मग तोही वारला. टॉकीज पडली, तिथे लॉज झालं, चाळही उठली, आणि मायलेकी नागपुरातल्याच इंदोऱ्यात दोन खोल्यांत राहायला आल्या. या घराच्या भिंतीपलीकडे फक्त शेजाऱ्यांचा पाटा-वरवंटा वाजतो.

त्या शनिवारी नीला माठ न घेताच घरी आली. अंजनाबाई सुपात तुरीची डाळ निवडत होती. दम्यामुळे तिचा श्वास आधी ऐकू यायचा आणि ती नंतर बोलायची.

"माय, दादा हाय," नीला दारातूनच म्हणाली. "इथंच हाय. नागपुरात."

अंजनाबाईचा हात डाळीत थांबला. "पाह्यलं काय तू?"

"पाह्यलं नाई. ऐकलं." आणि तिने सगळं सांगितलं, रिक्षा, टप, पाय, आणि धून. "म्हणून दाखव," माय म्हणाली. नीलाने म्हणून दाखवली. धून चढली, पुन्हा चढली आणि खाली आली.

"उडी होती?"

"होती ना माय! तेच तं सांगून राहिली. आपल्या घराबाहेर ते कोणाले माहीत हाय? चाळीतले सारे तं आपल्या वळखीचेच हायेत, त्यातला कोणी नव्हता. दादाच तो."

अंजनाबाईने तिच्याकडे बराच वेळ बघितलं. खिडकीतून येणारं ऊन नीलाच्या तोंडावर होतं, घामाने केस कपाळाला चिकटले होते आणि ती हसत होती. असं हसताना तिला मायने केव्हा पाहिलं होतं ते मायलाही आठवलं नसेल. "हाव," ती शेवटी म्हणाली. "मंग तोच असन." आणि पुन्हा खडे वेचायला लागली.

दुसऱ्या दिवसापासून घरात वेगळंच वारं शिरलं. मायने पाटोडीचा रस्सा केला. दम्याचा जीव असून खोबरं-खसखस भाजून, धुरात ठसकत, बेसनाच्या पाटोड्या थापून केला. तीन ताटं मांडली आणि तिसरं झाकून ठेवलं. "आला तं गरम तरी भेटन," म्हणाली. नीला नको नको म्हणत होती पण तिला गुदगुल्या होत होत्या. ती आता रोज रामदासपेठेतून कामावरून सुटली की सरळ घरी न येता सदरला जायची आणि चौकात, बसथांब्यावर, रसवंतीपाशी उभी राहून नुसती ऐकायची. शहर किती गुणगुणतं ते तिला तेव्हा पहिल्यांदा कळलं. केस कापणारे गुणगुणतात, सायकलचा पंप मारणारे गुणगुणतात, रांगेत उभी असलेली माणसं दुसऱ्याला कळू न देता ओठांच्या आत काहीतरी घोळवत असतात. चाळिशीकडे झुकलेल्या प्रत्येक पुरुषाच्या जवळून ती एकदा जायची. दादा आता केवढा झाला असेल? टक्कल पडलं असेल? मिशी? तो कुठल्या घरात राहत असेल, त्या घरात कोणी बाई असेल का, तिने त्याला विचारलं असेल का की हे काय तुम्ही सारखं म्हणता? आणि एवढ्या जवळ राहून तो आला का नाही? इथे आलं की नीलाचं मन अडायचं. तीन मैलांवर माणूस राहतो, बाप मेल्याचं त्याला कळलं नसेल असं होत नाही, मायला दमा आहे, आणि तो टप ओढून रिक्षातून जातो. तिला त्याचा राग यायचा आणि त्या रागाचाही आनंद व्हायचा, कारण नसलेल्या माणसावर रागावता येत नाही. एकदा एका गृहस्थाच्या मागे ती इतकी चालली की तो थांबून म्हणाला, "काय पाहिजे बाई?" शरमेने तिचे कान तापले. रात्री अंथरुणावर ती पडून राहायची आणि माय विचारायची, "भेटला?" ती म्हणायची, "नाई. भेटन." माय म्हणायची, "भेटन." झाकलेलं ताट सकाळी माय स्वतः खायची. शिळा रस्सा जास्त चांगला लागतो म्हणायची.

नीलाचं काम अंधारातलं होतं. रामदासपेठेतल्या एका डॉक्टरांच्या क्लिनिकमध्ये ती एक्स-रेच्या प्लेटा धुवायची. बाहेर मशीनवर डॉक्टर फोटो काढायचे, सुभद्रा नावाची वरकामाची दाई तो बंद डबा भिंतीतल्या खिडकीवजा कप्प्यातून आत सरकवायची, आणि मग लाल दिव्याच्या मिणमिणत्या उजेडात नीला प्लेट काढून चौकटीत अडकवून औषधात बुडवायची. आधी चित्र उमटवणारा डेव्हलपर, मग पाणी, मग ते पक्कं करणारा हायपो. उन्हाळ्यात औषध तापतं आणि प्लेटा बिघडतात म्हणून सकाळीच बर्फवाला लादी टाकून जायचा आणि नीला ती फोडून टाकीभोवती रचायची. साऱ्या नागपुरात लोक वाळ्याच्या ताट्यांवर पाणी मारत असताना नीलाची बोटं थंडीने बधिर झालेली असायची. प्लेट हायपोत पडेपर्यंत दार उघडायचं नाही हा तिथला एकमेव धर्म. उजेडाची एक तिरीप आली की प्लेट कोळसा. दाराबाहेर बाक होता आणि त्यावर पेशंट बसायचे, त्यांच्या तोंडाशी तिची ओळख नव्हती. ती त्यांना आतून ओळखायची. पाण्यातून चौकट वर काढली की बरगड्या दिसायच्या, त्यांच्यामागे फुफ्फुसं, आणि एखाद्याचं दर महिन्याला येणारं फुफ्फुस तिला पाठ झालेलं असायचं. कामठीहून एक देवराव नावाचा माणूस यायचा, त्याच्या उजव्या फुफ्फुसाच्या टोकाशी असलेला डाग महिन्यामहिन्याने आवळत चालला होता. तो पूर्ण मिटला की आपण पेढे वाटू असं नीला गमतीने मनात म्हणायची. देवरावला मात्र तिने कधी बघितलं नव्हतं.

मे लागल्यावर एका सकाळी तीच प्लेट तिच्या हातात होती. नाव चिकटवलं होतं, देवराव. ती तिने चौकटीत लावली, डेव्हलपरमध्ये सोडली आणि हळूहळू वरखाली हलवायला लागली. लाल उजेडात पांढऱ्यातून करडं काहीतरी उमटायला लागलं. आणि दाराबाहेर, हातभर अंतरावर, कोणीतरी गुणगुणायला लागलं. तोच आवाज, तोंड मिटलेला. बासरीचा तुकडा. मग शब्दांवाचूनचा आवाज. नीलाचे हात औषधात थांबले. आत्ता दार उघडलं तर प्लेट गेली. थांबावं, अजून थोडंच थांबायचं आहे, पाणी, हायपो, मग उघडू. पण सदरला तरी असाच कितीसा वेळ लागला होता? वळेपर्यंत नुसते पाय उरले होते. धून एक पायरी चढली. त्याला उठवून आत नेलं तर? तो उठून निघून गेला तर? एकदा घरातून असाच तो चपला घालून निघाला होता, आणि सगळे आपापल्या जागी बसून राहिले होते, भाकर मोडत. दुसरी पायरी चढली. नीलाच्या काखेत दोन हातांचा दाब आला. उडी आली आणि तिने दार उघडलं.

उजेड डोळ्यांत गेला. बाकावर एकच माणूस होता, पन्नाशीचा, काळा, सुकलेला, हातात शर्टाची गुंडाळी आणि अंगात बनियन. त्याचे कान मोठे होते. पायांत चपला होत्या, धुळीने पांढऱ्या. तो दादा नव्हता. तो कोणत्याही हिशेबाने, कितीही वर्षं लोटली तरी, दादा होऊ शकत नव्हता.

"हे," नीला म्हणाली. "हे जे तुम्ही म्हणून राहिले होते. कुठलं हाय हे?"

तो बावचळून उभा राहिला. "तुमचंच तं हाय ताई."

"माझं?"

"मंग! मी बसतो ना इथं दर बारीले, तवा अंदरून येते. पह्यल्यांदा मले भेव वाटे, म्हटलं दवाखान्यात मेलेलं माणूस गाऊन राहिलं. मंग गोड वाटाले लागलं. त्या सुयांनी जीव कासावीस होये तवा मी घरी हेच म्हणत पडून राहो. आता तोंडातच बसलं."

"मी नाई म्हणत," नीला म्हणाली. "मी काहीच म्हणत नाई अंदर."

मागून सुभद्रा खदखदून हसली. "नाई म्हणे! सारा दिवस तं म्हणत राह्यते. डॉक्टरसाहेब म्हणे, इच्यासाठी रेडिओचं लायसन काढा लागन. तुले मालूमच नाई काय वं?"

नीला भिंतीला टेकली. "तुम्ही मागच्या महिन्यात सदरले गेले होते? शनिवारी? रिक्षात?"

"हाव ना, बसवर जात होतो. लय ऊन होतं." देवराव थोडा थांबला आणि मग मुद्दाम हळू आवाजात, आजार विचारावा तसं म्हणाला, "ताई, बरेच दिवसांचं इचाराचं होतं. ते मधात तिथं उडी काहून मारते?"

नीलाने आत जाऊन चौकट वर काढली. प्लेट काळी झाली होती, पार काळी, तिच्यात बरगडी नाही, डाग नाही, काही नाही. "फोटो अजून एकदा काढावा लागेल," ती बाहेर येऊन म्हणाली. देवरावचं तोंड उतरलं. "काहून? वाढली काय बिमारी?" "नाही हो. माझ्या हातून बिघडला. तुमचं चांगलं आहे." त्याच्या जिवात जीव आला आणि तो सगळे दात दाखवून हसला, आणि नीलाला त्याचा फार राग आला, आणि मग रडू आलं, आणि सुभद्राने तिला प्लेट बिघडली म्हणून रडते समजून पाणी आणून दिलं.

घरी जाताना ती सदरला उतरली नाही. म्हणजे इतके दिवस ती स्वतःच्याच मागे धावत होती. भिंतीपलीकडून आलेलं आपण ऐकलं, आपल्या भिंतीपलीकडे ते दुसऱ्या कोणी ऐकलं, आणि ते फिरून तिच्याच पाठीशी आलं, यात दादा कुठेच नव्हता. पण मायला काय सांगायचं, याची तिला खरी भीती वाटत होती. माय रोज ताट झाकून ठेवत होती. तिला काही सांगितलंच नाही तर? रोज म्हणायचं, भेटन. माय म्हणेल, भेटन. असंही चाललं असतं. पुष्कळ घरं अशीच चालतात.

अंजनाबाई चुलीपाशी होती. तीन ताटं पुसून मांडलेली होती. नीलाने तिसरं ताट उचललं आणि फळीवर ठेवलं. "माय, तो दादा नव्हता," ती म्हणाली. तिने देवरावचं सांगितलं, बाकाचं सांगितलं, आपण दिवसभर गुणगुणतो तेही सांगितलं. माय रडेल, छातीला हात लावेल, दम लागेल, म्हणून तिने औषधाची बाटली आधीच जवळ घेऊन ठेवली होती.

"मले मालूम होतं," अंजनाबाई म्हणाली.

"काय?"

"तू म्हणून दाखवलं ना, तवाच मालूम झालं. रवीले ती उडी मालूमच नाई वं पोरी. तो गेला तवा रीळ चांगलं होतं. तो गेल्यावरच्या इतवारी तुटलं. तुहे बाबा स्टेशनवर गेले होते त्याले पाहाले. मी भिंतीपाशी बसून होती, म्हटलं त्याचं आवडीचं आता लागन, कुठं असन तं ऐकत असन. आन् मधातच तुटलं. पब्लिक बोंबलाले लागलं, शिट्ट्या माराले लागलं. मी तवाच समजली, तो काई आता येत नाई." ती दम घ्यायला थांबली. "दुसऱ्या दिवसापासून उडी आली. त्यानं ते कधीच नाई ऐकलं."

"पण तो मले उचले!" नीला ओरडली. "उडी आली की उचले, उंबऱ्याच्या पलीकडे ठेवे. मले आठवते ना माय. काखेत हात घालून. 'उडी' म्हणे."

अंजनाबाईने मान खाली घातली. चुलीतलं लाकूड तिने उगाच मागेपुढे केलं. "तू एकटीच मारे उड्या," ती म्हणाली. "तो गेल्यावर. उंबऱ्यावरून अंदर, बाहेर, अंदर, बाहेर. 'दादा, उडी, दादा, उडी' करत राहे. तुहे बाबा तोंड फिरवून बसत. मी एकदोनदा उचललं तुले, पण तू मले मारे, म्हणे तू नको."

नीला खाली बसली. काखेतला दाब अजून होता. तो जात नव्हता, आणि तो कोणाचा होता ते आता कळलं होतं, मायचे हात होते ते, तिने झिडकारलेले. पितळेचा गिलास खरा होता, भिंत खरी होती, पण दादाने उचललेला एकही क्षण तिच्याजवळ नव्हता. जे तिने दादा म्हणून एवढं जपलं होतं ते सगळं दादा गेल्यानंतरचं होतं. तिला वाटलं आपण आतापर्यंत कोणाची वाट बघत होतो? "मंग तू ताट काहून मांडलं?" तिने विचारलं. "पाटोड्या काहून केल्या? हाव काहून म्हटलं?"

"तू इतकी खूश होती वं," माय म्हणाली. "मले वाटलं राहू द्या चार दिवस."

शेजारी पाटा-वरवंटा चालू होता. बाहेर ऊन उतरलं होतं आणि कोणीतरी रस्त्यावर पाणी मारल्याचा वास येत होता. नीलाला भीती वाटत होती की आता आपण तोंड उघडलं की तीच धून बाहेर येईल, आणि तिच्यात दादा नसेल, नुसतं चिकटवलेलं रीळ असेल. मग तिने भीत भीतच विचारलं, "तुटलं तिथं काय होतं माय? मधात?"

अंजनाबाईने पदराने तोंड पुसलं. डोळे मिटले, आणि म्हातारी भिंतीला पाठ लावून गुणगुणायला लागली. आवाज फाटका होता, त्याच्या खाली दम्याची घरघर सारखी चालू होती. बासरीचा तुकडा तिने नुसता हुंकारात काढला. धून एक पायरी चढली, दुसरी चढली, आणि तिसरीवर उभी राहिली. तिथे काहीतरी होतं. फार मोठं नव्हतं. घरातून निघालेलं माणूस दारात थांबून एकदा मागे वळून बघतं तेवढंच होतं ते, आणि मग ती धून आपल्या पायांनी, सावकाश, खाली आली. हे नीलाने आठ वर्षांची असताना कितीतरी दिवस, रोज तीनदा ऐकलं असलं पाहिजे, आणि त्यातलं टिचकीएवढंही तिच्याजवळ उरलं नव्हतं.

"हे म्हणे रवी," माय म्हणाली. "एवढं. तिथं थांबून राहे थोडा."

नीलाने म्हणून पाहिलं. पहिली पायरी आली, दुसरी आली आणि गळ्याने उडी मारली. तिने पुन्हा म्हटलं. पुन्हा उडी.

"नाई," अंजनाबाई म्हणाली. "घाई नको करू. थांबाचं तिथं." तिने दम घेतला आणि पुन्हा पहिल्यापासून धरलं. नीला तिच्या तोंडाकडे बघत बरोबर म्हणू लागली, आणि ती जागा जवळ आली तसे तिने आपले दोन्ही पाय जमिनीवर घट्ट रोवून धरले.